लांबलेल्या एकेव्हेरियाच्या नोंदी

७ जानेवारी

आई माझ्याकडे राहायला आली आणि तिच्यासोबत ही कुंडीही आली. एकेव्हेरिया एलेगान्स, जाड पानांत पाणी साठवणारं झाड. आईनं ती दोन वर्षं स्वयंपाकघरात ठेवली होती, खिडकीपासून चांगली तीन पावलं आत.

याची पानं खरं तर मातीलगत, एकमेकांना खेटून, उमललेल्या कमळासारखी असायला हवीत. पण खोड ११ सेंमी उंच झालंय, पानापानांत बोटभर अंतर पडलंय, खालची पानं मान टाकल्यासारखी लोंबतायत. फक्त शेंड्याला रुपयाएवढी रोझेट, म्हणजे पानांचं दाट चक्र, उरली आहे, तीही एका बाजूला कललेली. कुठल्या दिशेला खिडकी होती ते झाडाकडे बघून सांगता येतं.

उजेड कमी पडला की खोड उजेड शोधत लांबत जातं. आणि एकदा लांबलेलं खोड पुन्हा आखूड होत नाही, कितीही ऊन दिलं तरी. पुढची पानं नीट दाट येतील, पण हा मधला उघडा भाग तसाच राहणार. म्हणून शेंडा छाटून नव्यानं लावायचा, बुंधा ठेवायचा आणि मधली पानं रुजवायची असं ठरवलंय.

आई म्हणाली, "कापणार? अगं, मरेल ते." झाड जाणार नाही असा शब्द दिलाय तिला. तेव्हापासून मलाच धाकधूक आहे, म्हणून या नोंदी.

८ जानेवारी

झाड कुंडीतून काढलं. माती काळी, चिकट, मुठीत दाबली की लाडवासारखी वळते. मुळ्यांचा खालचा अर्धा भाग तपकिरी आणि मऊ. बोटांत धरून हलकेच ओढला की साल निघून येते आणि आतला दोरा हातात राहतो. वरच्या मुळ्या पांढऱ्या आहेत, म्हणजे वेळेत पाहिलं. मेलेल्या कापून टाकल्या, उरलेलं झाड कागदावर आडवं ठेवलं. आज पाणी नाही, माती नाही.

१० जानेवारी

मातीसाठी आजचा अख्खा दिवस गेला. जाऊ दे, सगळं तिच्यावरच तर आहे.

जुन्या कुंडीच्या तळाशी खड्यांचा थर होता, निचऱ्यासाठी म्हणून. अनेक जण घालतात, मीही वर्षानुवर्षं घातला. आज भांडी घासायच्या स्पंजवर एक गोष्ट करून पाहिली. स्पंज पूर्ण भिजवला आणि जाळीवर आडवा ठेवला. पाणी ठिबकलं, थांबलं. मग तोच स्पंज हलकेच लांबट बाजूवर उभा केला, तर पुन्हा धार लागली! न पिळता. म्हणजे थांबलेलं पाणी 'संपलेलं' नव्हतं. बारीक छिद्रांनी ते तळाशी धरून ठेवलं होतं. कुंडीतल्या मातीचंही तसंच. तळातला काही सेंटिमीटरचा भाग निचरा झाल्यावरही चिंबच राहतो. त्याखाली खडे घातले तर पाणी बारीक मातीतून मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही, आणि हा चिंब पट्टा खड्यांच्या वर, म्हणजे मुळ्यांच्या आणखी जवळ येऊन बसतो.

खड्यांनी पाणी पळत नाही. मातीच जाड कणांची हवी, म्हणजे तो पट्टा आपोआप पातळ होतो. कुंडी फार उथळ घेतली तरी हीच अडचण येते, कारण पट्ट्याची उंची तेवढीच राहते आणि वरची कोरडी माती कमी उरते.

मिश्रण: एक भाग चाळलेलं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिळून, दोन भाग खडे (परलाइट म्हणजे फुगवलेले हलके पांढरे खडे, विटांचे तुकडे, जाड वाळू). खडे ३ ते ६ मिमीचे. चाळणीखाली पडलेली भुकटी टाकून दिली, कारण बारीक वाळू पोकळ्या बुजवते आणि निचरा सुधारायच्या ऐवजी बिघडवते. तयार मिश्रण ओलं करून मुठीत दाबलं, मूठ उघडताच पसरलं. हे हवं होतं. शेतातला वाफसा म्हणतात ना, ओल आहे आणि हवाही आहे, तो कुंडीत पाण्यानंतर तासाभरात यायला हवा.

१४ जानेवारी

कापलं.

पातळ पात्याची सुरी अल्कोहोलनं पुसली. शेंड्याखालची पाच पानं आधी काढली. वर-खाली ओढायचं नाही. पान बुडाशी धरून डावीकडे-उजवीकडे हलवायचं, मग ते 'टक' करून सुटतं. मग रोझेटखाली ३ सेंमी खोड ठेवून एका झटक्यात काप घेतला. कापलेला भाग आतून फिकट हिरवा, कडेला पांढरी कड, कुठेही काळं-तपकिरी वर्तुळ नाही. एखादा ठिपका जरी दिसला असता तरी स्वच्छ लागेपर्यंत वर वर कापत जावं लागलं असतं, कारण कुज आतून वर चढत असते.

शेंडा रिकाम्या ग्लासच्या तोंडावर बसवला, खोड आत लोंबतंय, खाली पाण्याचा थेंब नाही. बुंध्यावर तीन पानं मुद्दाम ठेवली, तो नव्या मातीत लावला. एकंदर २४ पानं ताटलीत पसरली.

आई कापताना खोलीतून निघून गेली होती. नंतर येऊन ग्लासवरची रोझेट बराच वेळ बघत बसली.

१९ जानेवारी

काप वाळून त्यावर घट्ट फिकट खपली धरली आहे. शेंडा लावला, कोरड्या मातीत. पाणी मुळ्या दिसल्यावरच.

२ फेब्रुवारी

शेंडा हलकेच वर उचलला. खपलीच्या वरून, खोडाच्या कडेनं, गुलाबी टोकांच्या चार मुळ्या. सगळ्यात लांब ८ मिमी. पहिलं पाणी दिलं. या एकोणीस दिवसांत त्यानं स्वतःच्या पानांतलं पाणी वापरलं. खालची दोन पानं सुरकुतली आहेत. घाबरायचं कारण नाही.

ताटलीतल्या २४ पानांपैकी १४ पानांच्या बुडाशी काहीतरी हालचाल आहे. नऊंना मुळ्या, पाचांना मोहरीएवढा हिरवा कोंब. पाच पानांचं बूड काढताना तुटलं होतं. ती नुसती सुकतायत. नवं रोप उगवतं ते पानाच्या अगदी बुडाच्या पेशींतून. तो भाग खोडावरच राहिला तर पान कितीही टवटवीत असो, त्यातून काही निघत नाही.

९ फेब्रुवारी

आज एक जुनी गोष्ट आईला सांगितली. बेंजामिन हाइन नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानं पानफुटीचं पान चावून पाहिलं होतं. सकाळी ते आंबट लागलं, दुपारपर्यंत बेचव. त्याची ही नोंद १८१५ साली छापली गेली. कारण नंतर उलगडलं. ही झाडं दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतात, पाणी उडू नये म्हणून. रात्री छिद्रं उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवतात. दिवसा ऊन आलं की तो वापरतात, म्हणून दुपारी आंबटपणा ओसरतो. पानफुटी आणि एकेव्हेरिया एकाच क्रॅसुलेसी कुळातल्या, आणि या पद्धतीला त्या कुळाचंच नाव पडलंय.

हे सांगायचं कारण असं की आई रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालते. प्रत्येक कुंडीला, थोडं थोडं. चाळीस वर्षांची सवय आहे, आणि तिच्या हाताखालची पानाफुलांची झाडं उत्तम वाढतात. पण हे झाड दिवसभर पाणी सांभाळून बसायला शिकलेलं आहे. त्याला रोजचा घोट नको असतो. त्याला भरपूर पाणी आणि मग मोठी सुट्टी हवी.

"मग मला कळणार कसं, सुट्टी कधी संपली?" तिनं विचारलं. मला नीट उत्तर देता आलं नाही. 'माती कोरडी झाली की' म्हणाले, पण वरची माती दुसऱ्याच दिवशी कोरडी दिसते आणि तळाला ओल असते.

२६ फेब्रुवारी

उत्तर वजनकाट्यात सापडलं.

शेंड्याची मातीची कुंडी १४ तारखेला काठोकाठ भिजवली, खालून पाणी निथळून थांबेपर्यंत वाट पाहिली आणि वजन केलं: ६०४ ग्रॅम. मग तीन-तीन दिवसांनी. १७ला ५४१. २०ला ५०७. २३ला ४९२. आज ४८८. उतार हळूहळू मंदावला, म्हणजे आता मातीत जवळजवळ काही उरलेलं नाही. बारा दिवस.

तशाच मापाच्या प्लास्टिकच्या कुंडीत हेच मिश्रण भरून बाजूला ठेवलं होतं. तिथं अजून बरीच ओल आहे. भाजक्या मातीच्या कुंडीच्या अंगातूनही पाणी उडतं, प्लास्टिकच्या नाही. कुंडी बदलली की पाण्याचा हिशेब बदलतो, आणि 'आठवड्यातून एकदा' असले नियम इथंच फसतात.

आईला आकडे दाखवले. तिनं काटा बाजूला सारला आणि कुंडी एका हातानं उचलली. मग पाणी घालून, निथळून पुन्हा उचलली. "कळलं," म्हणाली.

११ मार्च

बुंधा. आठ आठवडे नुसता खुंट होता. आज गळलेल्या पानांच्या खुणांपाशी लालसर टिकल्या दिसल्या. भिंगाखाली बघितलं तर प्रत्येक टिकली म्हणजे पूर्ण रोझेट, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, पण तिला पाच पानं मोजता आली. एकूण सहा. शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना, म्हणजे झोपलेल्या कोंबांना, दाबून ठेवतो. शेंडा गेला की ते जागे होतात.

आईला भिंग दिलं. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी फोनवर मावशीला सांगत होती की सहा पिल्लं फुटलीत.

२४ मार्च

आज माझ्या हातून झाड भाजलं.

शेंडा छान रुजला म्हणून परवा थेट उन्हात ठेवला, सकाळी दहा ते दुपारी तीन. दोन महिने तो खिडकीच्या आत, काचेमागच्या उजेडात होता. आज वरच्या बाजूच्या तीन पानांवर फिकट, खोलगट चट्टे आहेत, कडा तपकिरी. हात लावला तर कडक, कागदासारखे. सवय नसलेलं पान एकदम कडक उन्हात तापतं आणि तिथल्या पेशी मरतात. चट्टा भरून येत नाही.

मला हे माहीत होतं. पुस्तकात नव्हे, आधीच्या एका झाडावर शिकले होते. घाई झाली. आता पहिले तीन दिवस सकाळचं एक तास ऊन, मग दर तीन दिवसांनी एक तास जास्त, दोन आठवडे.

६ एप्रिल

ऊन हळूहळू वाढवलं आणि पानांच्या टोकांवर गुलाबी कड आली. उन्हाच्या ताणामुळे तयार होणारा हा रंग पानाला आडोसाही देतो. भाजण्याशी याची गल्लत करू नये. गुलाबी भाग गुळगुळीत आणि भरलेला असतो, भाजलेला भाग कोरडा आणि दबलेला.

नवी पानं दाट येतायत. वरून सरळ खाली बघितलं तर पानांच्या वळत जाणाऱ्या ओळी दिसतात. एका दिशेनं मोजल्या, पाच. उलट दिशेनं आठ. प्रत्येक नवं पान आधीच्या पानापासून साधारण १३७.५ अंश फिरून येतं, म्हणून ते कुणाच्या बरोबर डोक्यावर बसत नाही आणि खालच्यालाही उजेड मिळतो. मोजायला अर्धा तास लागला, तीनदा चुकलं. पण मोजल्यापासून ते झाड मला निराळं दिसतंय.

२० एप्रिल

पानांवर बोटांचे ठसे. पाहुण्यांच्या मुलीनं कौतुकानं धरलं होतं, तिचा काय दोष. या जातीच्या पानांवर द्राक्षावर असतो तसा पांढुरका मेणाचा थर असतो. त्यानं ऊन परतवलं जातं आणि पाण्याचे थेंब घरंगळून जातात. पुसला गेला की त्या पानावर तो आधीसारखा परत येत नाही. यापुढे झाड उचलायचं ते कुंडीला धरून. पाणीही मातीवर, रोझेटच्या मध्यात नाही. मध्यात थेंब साचलाच तर टिश्यूचं टोक लावून टिपून घ्यायचा.

पानांची रोपं: २४ पैकी १६ नीट वाढली. दोनांना मुळ्यांचा झुपका आहे आणि रोप नाही. अशी आंधळी पानं महिनोन् महिने हिरवी राहतात. काही जण थांबतात, मी थांबत नाही.

१९ मे

फुलदांडा! पानांच्या बगलेतून वाकडी मान काढून वर आलाय, २१ सेंमी. टोकाला गुलाबी कळ्या, आत पिवळ्या.

आई चिंतेत. कुणीतरी तिला सांगितलंय की फुललं की हे झाड मरतं. ते खरं आहे, पण दुसऱ्या झाडाबद्दल. सेम्परव्हिव्हम दिसतं असंच, कुळही हेच, पण युरोपातल्या डोंगरांवरचं, बर्फ सोसणारं. त्याची फुललेली रोझेट मरते आणि बाजूची पिल्लं राहतात, म्हणून तर त्याचं नाव 'सदा जिवंत' या अर्थाचं आहे. एकेव्हेरिया मूळ मेक्सिकोचा. त्याचा दांडा बगलेतून येतो, मधला वाढीचा डोळा शाबूत राहतो, आणि तो दर वर्षी फुलू शकतो. दिसायला सारखी म्हणून वागायला सारखी नसतात. हॉवर्थियाची रोझेट तर या कुळातलीही नाही, ती कोरफडीच्या नात्यातली आहे. तिला एकेव्हेरियापेक्षा कमी उजेड चालतो. स्वयंपाकघरातल्या त्या आतल्या जागी तीच शोभली असती.

दांड्यावरची लहान मांसल पानंही रुजतात. चार काढून ताटलीत ठेवली.

२ जून

पिठ्या ढेकूण. दांडा काढताना दिसले. रोझेटच्या आत, पान आणि खोडाच्या खाचेत, कापसाचे कण असावेत तसे तीन पुंजके. भिंगाखाली पाय हलताना दिसतात. मुंग्या चार दिवस कुंडीभोवती का फिरत होत्या ते आता कळलं. ढेकूण रस शोषून गोड चिकटा सोडतात, मुंग्या त्यासाठी येतात.

झाड लगेच बाकीच्यांपासून दूर. सूर्य मावळल्यावर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक टिपला. जिथं काडी लागली तिथला पांढरा थर गेला, त्याला इलाज नाही. मग कुंडीतून गड्डा उपसून मुळ्याही पाहिल्या, कारण काही जाती मातीत राहतात आणि कुंडीच्या आतल्या भिंतीवर पांढरी पूड सोडतात. मुळ्या स्वच्छ.

९, १६, २३ जून

दर आठवड्याला तपासणी. ९ला दोन पिल्लू ढेकूण, अंड्यांतून नंतर निघालेले. १६ला एक. २३ला शून्य. पहिल्या दिवशीच 'झालं' म्हणून सोडलं असतं तर पुन्हा तेवढेच झाले असते.

७ जुलै

आठवडाभर ढग. दमट हवा, कुंडी पंधरा दिवस होऊनही ५३० ग्रॅमवर. पाणी दिलं नाही. पंखा मंद सुरू ठेवला आणि खिडकीतल्या कुंड्या हातभर अंतरानं मांडल्या, म्हणजे पानांमधून वारा जातो. दोन लहान रोपांचं खालचं पान पिवळसर, पारदर्शक, धरलं की पाणी सुटतं: ही जास्त ओल. सुरकुतलेलं, मऊ पण कोरडं पान म्हणजे तहान. दोन्हीत पान मऊच लागतं, म्हणून माणसं घाबरून पाणी घालतात आणि तिथंच झाड जातं. नुसतं दाबून बघू नये, कुंडी उचलून बघावी.

त्या दोन्ही रोपांचं खोड तपासलं. एकाचं कडक आहे, ते पान काढून कोरडं ठेवलं. दुसऱ्याचं बुडाशी काळं. वर स्वच्छ खोड उरलंच नाही, गेलं.

१८ ऑगस्ट

बुंध्यावरची सहाही पिल्लं आता नाण्याएवढी. दोन काढून वेगळी लावली. चार तशीच ठेवणार, आईला तो गुच्छ आवडतो. पानांच्या सोळा रोपांपैकी बारा उरली. एक ढगाळ हवेत गेलं, दोन मी फार लवकर आई-पानापासून तोडली, एक हरवलं, बहुधा पक्ष्यानं नेलं. जुनं पान आपणहून वाळून कागद होईपर्यंत तोडू नये. तोवर रोप त्यातलंच पाणी पितं.

आज सकाळी स्वयंपाकघरातून पाहिलं. आई झारी घेऊन खिडकीशी उभी होती. एकेक कुंडी उचलत होती, दोन क्षण हातात तोलत होती, ठेवत होती. अकरा कुंड्यांपैकी तिघींना पाणी दिलं. नंतर मी काट्यावर घालून पाहिल्या, तर उरलेल्या आठही खरंच ओल्या होत्या.

२९ सप्टेंबर

मार्चमध्ये भाजलेली तीन पानं तेव्हा वरून दुसऱ्या वेढ्यात होती. नवी पानं मधून येत राहिली, ती बाहेर आणि खाली सरकत गेली. आता ती सगळ्यात तळाला आहेत. दोन आधीच वाळून निघाली. तिसरं आज हलवलं तर अलगद सुटलं, पातळ, तपकिरी, चट्ट्याची कड अजून ओळखू येते. त्याच्या जागी खोडावर एक पांढरी मुळी फुटायला लागली आहे.

रोझेट ९.५ सेंमी रुंद, खोड पानांखाली झाकलेलं. कुंडी ४९१ ग्रॅम. उद्या पाणी.